टँकच्या कडेवरून : मोठी स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय, आता काय करायचं?

सीझन संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंगच बदलतो. वर्षभर कान दुखतो, केस खराब होतात, बटरफ्लाय जमत नाही असं काहीबाही येत असतं, पण या महिन्यात जवळजवळ सगळ्यांनी एकच विषय काढलाय, स्टेट, म्हणजे राज्य स्पर्धा आली, आता मुलाकडून काय करून घ्यायचं. मी गेली बावीस वर्षं लहान मुलांना पोहायला शिकवते, त्यामुळे या तीन आठवड्यांत घराघरात काय चालतं ते मला चांगलं माहितीय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून ज्या प्रश्नांत बाकीच्यांचे पण प्रश्न येतात असे निवडलेत.

ताई नमस्कार. माझी मुलगी 13 वर्षांची आहे, फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोक करते. राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे आणि सरांनी एकदम पोहणं कमी करून टाकलंय. आधी रोज साडेचार किलोमीटर व्हायचं, आता तीन पण होत नाही, तासाभरात मुलं बाहेर. दुसऱ्या क्लबची मुलं दोन्ही वेळ पोहतायत. सरांना विचारलं तर म्हणाले टेपर सुरू आहे. वर्षभर पहाटे साडेचारला उठवलं आणि आता ऐन वेळी ढिलाई का? संध्याकाळी सोसायटीच्या टँकवर तिला वेगळं पोहायला नेऊ का?
— एक आई, ठाणे

नका नेऊ. प्लीज नका नेऊ. तुमचे सर बरोबर करतायत आणि खरं सांगू का, पालकांनी असे प्रश्न विचारल्यावरही जो कोच पोहणं कमी करायची हिंमत ठेवतो तो चांगला कोच असतो.

आता कारण. रोज साडेचार किलोमीटर पोहणाऱ्या मुलीच्या अंगात दोन गोष्टी एकाच वेळी साठत असतात, एक म्हणजे कमावलेला दम आणि ताकद, आणि दुसरा म्हणजे थकवा. सीझनभर ती जे टायमिंग देते ते थकलेल्या अंगाने दिलेलं टायमिंग असतं, म्हणजे तिच्यात जे आहे ते पूर्ण दिसतच नाही. पोहणं कमी केलं की थकवा भराभर उतरतो पण कमावलेला दम मात्र दोन-तीन आठवड्यांत असा कुठे जात नाही, फक्त वेगाचं काम चालू ठेवायला लागतं. टेपर म्हणजे एवढंच. थकवा उतरायला वेळ द्यायचा आणि दम टिकवायचा.

यावर क्रीडाशास्त्रात भरपूर काम झालेलं आहे आणि सगळ्याचा सूर साधारण एकच आहे, शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर 40 ते 60 टक्के कमी करायचं, पण वेग कमी करायचा नाही आणि टँकवर यायचे दिवस पण फारसे कमी करायचे नाहीत. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकच्या आधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत जलतरणपटूंची टायमिंग मोजली होती, सरासरी 2.2 टक्क्यांच्या आसपास सुधारणा निघाली. आता ते ऑलिम्पिकचे लोक, तुमच्या मुलीला तोच आकडा लागू होईल असं मी म्हणणार नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगते की 70 सेकंदांच्या शंभर मीटरमध्ये 2.2 टक्के म्हणजे दीड सेकंद. स्टेटला दीड सेकंदात फायनलमधले आठजण बसतात हो.

तेरा वर्षांच्या मुलीला मी साधारण असं देते: साडेचार किलोमीटर असेल तर पहिल्या आठवड्यात साडेतीन, दुसऱ्यात अडीच, आणि स्पर्धेच्या आठवड्यात दीडच्या आसपास. पण त्या दीडमध्ये पंचवीस-पंचवीस मीटर रेसच्या स्पीडने असतं, मध्ये भरपूर आराम, ब्लॉकवरून, म्हणजे उडी मारायच्या चौथऱ्यावरून स्टार्ट, टर्न, भिंतीला हात लावून फिनिश. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मुलं अर्धा वेळ भिंतीला धरून गप्पा मारतायत. ती गप्पा मारत नाहीत, पुढचं पंचवीस मीटर पूर्ण ताकदीने मारता यावं म्हणून थांबलेली असतात.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. टेपरच्या मधल्या काही दिवसांत ती म्हणेल की आई, पाण्यात जड जड वाटतंय, हात चालत नाहीयेत, मी हळू झाले. हे बऱ्याच मुलांना होतं. त्या दिवशी तुम्ही जर म्हणालात की बघ, मी म्हणत होते ना प्रॅक्टिस कमी पडतेय, तर संपलं, ती भीती ती थेट ब्लॉकवर घेऊन जाईल. त्या दिवशी फक्त जेवायला वाढा.

मी हे इतकं ठामपणे सांगतेय त्याचं कारण म्हणजे मी ही चूक स्वतः केलेली आहे. शिकवायला लागल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे बारा वर्षांचा एक मुलगा होता, ब्रेस्टस्ट्रोकला इतका सुंदर की टँकवरचे बाकीचे लोक थांबून बघायचे. स्पर्धेच्या दहा दिवस आधी त्याचं टायमिंग अडकलं आणि मी घाबरले, आणि घाबरून त्याला रोज सकाळ-संध्याकाळ पाण्यात घातलं. स्पर्धेत तो सीझनमधलं सगळ्यात खराब टायमिंग पोहला. बाहेर आला आणि मला म्हणाला, मॅडम पाय उचलतच नव्हते. त्याने तक्रार नव्हती केली, नुसतं सांगितलं, पण मला ते वाक्य आजही ऐकू येतं. तो मुलगा तयार होता, मीच त्याला थकवून उभं केलं. शेवटच्या तीन आठवड्यांत मुलाला नवीन काही देता येत नाही, असलेलं बिघडवता मात्र येतं, हे मी त्या दिवशी शिकले आणि तेव्हापासून प्रत्येक पालकाला सांगत आलेय.

एक मात्र तुमच्या हातात आहे. पोहणं कमी झालं की मुलांच्या अंगात एकदम उत्साह येतो आणि मग ती सोसायटीत बॅडमिंटन, सायकल, ट्रॅम्पोलिन असं सगळं करायला लागतात. तो वाचलेला उत्साह स्पर्धेसाठी आहे. तिला घरात कोंडू नका, पण गुडघा फुटेल किंवा घोटा मुरगळेल असं काही या तीन आठवड्यांत नको. आणि झोप. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते, त्याहून लहान असतील तर 9 ते 12. पहाटे साडेचारला उठणारी मुलगी रात्री अकराला झोपत असेल तर टेपरचा अर्धा फायदा तिथेच जातो. सर सकाळचं सेशन उशिरा ठेवत असतील तर तो वेळ अभ्यासाला नका देऊ, झोपेला द्या.

माझा मुलगा 10 वर्षांचा आहे, आठवड्यात चार दिवस जातो, दीड किलोमीटर होतं. त्याला पण असंच तीन आठवडे कमी करायचं का? आणि किती इव्हेंट टाकू? सगळेच टाकायचा विचार आहे, एक नाही तर दुसऱ्यात मेडल येईल.
— एक बाबा, नागपूर

नाही, त्याला तीन आठवड्यांची काही गरज नाही. जेवढा थकवा साचलेला असतो तेवढाच उतरवायचा असतो आणि आठवड्याला सहा किलोमीटर पोहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या अंगात फार काही साचलेलं नसतं. शेवटचे चार-पाच दिवस हलकं ठेवा, स्टार्ट-टर्न घोटून घ्या, बास. उलट लहान मुलांना जास्त दिवस पाण्याबाहेर ठेवलं तर त्यांचा पाण्याचा अंदाजच जातो, हात पाण्याला नीट पकडत नाही.

इव्हेंटचं म्हणाल तर नियमाप्रमाणे किती टाकता येतात ते आधी बघा, आणि मग त्याला स्वतःला कुठले आवडतात ते विचारा. दिवसाला दोन, फार तर तीन. पाचव्या रेसला आलेलं दहा वर्षांचं मूल ब्लॉकवर उभं राहून आईला शोधत असतं, मी बघितलंय ते.

आमच्याकडचा टँक 25 मीटरचा आहे आणि स्पर्धा पुण्यात बालेवाडीला, 50 मीटरच्या पूलमध्ये. मुलगा 12 वर्षांचा, 100 मीटर बॅकस्ट्रोक आणि 200 आयएम (एकाच रेसमध्ये चारही स्ट्रोक) करतो. मागच्या वर्षी शेवटच्या वीस मीटरला पूर्ण संपला आणि टायमिंग घरच्यापेक्षा तीन सेकंद जास्त आलं, तो खूप रडला. याची तयारी कशी करायची?
— एक बाबा, नाशिक

हा प्रश्न मला फार जवळचा आहे कारण महाराष्ट्रात पुणे-मुंबई सोडून बाहेर गेलं की बहुतेक मुलांची हीच परिस्थिती असते, छोट्या टँकवर शिकायचं आणि मोठ्या टँकमध्ये परीक्षा द्यायची.

सगळ्यात आधी त्याला हे सांगा की मागच्या वर्षी तो हळू झालाच नव्हता. 25 मीटरच्या टँकमध्ये शंभर मीटरला तीन टर्न येतात आणि 50 मीटरमध्ये एकच. प्रत्येक टर्नला भिंतीला पाय मारून जो ढकला मिळतो तो पोहण्यापेक्षा फास्ट असतो, शिवाय हातांना क्षणभर विश्रांती मिळते. ते दोन ढकले गेले की टायमिंग वाढणारच, जगातल्या सगळ्यात मोठ्या पोहणाऱ्यांचं पण वाढतं, म्हणून तर दोन्ही लांबीच्या पूलचे वर्ल्ड रेकॉर्ड वेगवेगळे ठेवतात. त्यामुळे घरचं टायमिंग आणि बालेवाडीचं टायमिंग एका वहीत शेजारी शेजारी लिहूच नका, दोन वेगळी पानं करा.

आता तयारी. दोन महिने असते तर मी वेगळं सांगितलं असतं, पण तीन आठवड्यांत पण तीन गोष्टी होतात. पहिली, पहिलं पन्नास मीटर किती जोरात जायचं ते ठरवायचं. छोट्या टँकवरची मुलं मोठ्या टँकमध्ये पहिल्या पंचवीसला सवयीप्रमाणे सुसाट सुटतात, भिंत येईल म्हणून वाट बघतात आणि भिंत येतच नाही. त्याला प्रॅक्टिसमध्ये कोचच्या घड्याळावर ठरलेल्या टायमिंगला पन्नास मीटर पोहायला लावा, जास्त फास्ट आला तरी परत, हळू आला तरी परत. दुसरी, शक्य असेल तर स्पर्धेच्या एक दिवस आधी पुण्यात पोचा आणि त्याला त्या पूलमध्ये पाचशे-सहाशे मीटर आरामात पोहू द्या. नुसतं टोकापासून टोकापर्यंत जाऊन आला तरी डोळ्यांना ती लांबी कळते, नाहीतर पहिल्यांदा ब्लॉकवर चढल्यावर समोरची भिंत बघूनच पोटात गोळा येतो.

तिसरी गोष्ट स्ट्रोक मोजणं, आणि बॅकस्ट्रोकवाल्याला तर ते आलंच पाहिजे. भिंतीच्या 5 मीटर आधी वर जी झेंड्यांची दोरी असते तिच्याखालून डोकं गेलं की भिंतीपर्यंत आपले किती हात पडतात हा आकडा त्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. तुमच्या टँकवर झेंडे नसतील तर दोन्ही बाजूला मोजून 5 मीटरवर साधी नायलॉनची दोरी आणि त्याला कापडाच्या पट्ट्या बांधा, शंभर-दीडशे रुपयांत होतं. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये 200 मीटर बटरफ्लायच्या फायनलला मायकल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, शेवटी शेवटी त्याला काही दिसत नव्हतं, आणि त्याने नुसते स्ट्रोक मोजत भिंत गाठली, 1 मिनिट 52.03 सेकंद, गोल्ड आणि वर्ल्ड रेकॉर्ड. मी ही गोष्ट माझ्या प्रत्येक बॅचला सांगते आणि मग त्यांना डोळे मिटून एक लेन पोहायला लावते, मी शेजारून चालत असते, लेनमध्ये दुसरं कुणी नसतं. मुलांना जाम मजा येते आणि नकळत मोजायची सवय लागते.

अजून एक, पूल उघड्यावर असेल तर बॅकस्ट्रोकला सूर्य थेट डोळ्यात येतो, वर छत नसल्यामुळे सरळ रेषेचा अंदाज पण जातो आणि मुलं लेनच्या दोरीवर घासत जातात. गडद काचेचा गॉगल घ्या, पण स्पर्धेच्या दिवशी नवा काढू नका, आतापासून तोच वापरू दे.

आणि मुलाला हेही सांगा की आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने 2010 च्या ग्वांगझू एशियन गेम्समध्ये 50 मीटर बटरफ्लायला ब्राँझ मिळवलं, 24.31 सेकंदांत. त्याआधी एशियाडमध्ये पोहण्याचं मेडल भारताला मिळालं होतं ते 1986 साली, सोलला, खजान सिंगला. मधली चोवीस वर्षं काहीच नव्हतं. मुलांना अशा गोष्टी नीट आकड्यांसकट सांगाव्यात, ती लक्षात ठेवतात.

स्पर्धा चार दिवसांची आहे, बाहेरगावी, आम्ही लॉजवर राहणार. खायला काय द्यायचं? तिच्या मैत्रिणीची आई प्रोटीन पावडर आणि एनर्जी ड्रिंक देते.
— एक आई, कोल्हापूर

घरी जे खाते तेच, हा एकच नियम. स्पर्धेच्या गावी जाऊन मुलांना काहीतरी पौष्टिक, स्पेशल द्यायचा मोह होतो आणि तिथेच पोट बिघडतं. आदल्या रात्री वरण-भात-तूप, मुगाची खिचडी, पोळी-बटाट्याची भाजी, असं साधं आणि पोटभर. कोल्हापूरकरांना सांगायला जड जातं पण तांबडा-पांढरा चार दिवस थांबू शकतो, शेवटच्या दिवशी रात्री सगळ्या टीमने मिळून जा.

सकाळी रेसच्या अडीच-तीन तास आधी नाश्ता, पोहे किंवा उपमा किंवा इडली, तेल बेताचं. मग रेसच्या तासभर आधी वाटलं तर एखादं केळं. दोन रेसमध्ये तासाभराचा वेळ असेल तर दोन-तीन खजूर, थोडे चुरमुरे, राजगिऱ्याची वडी, आणि सारखं घोट घोट पाणी. मुलं म्हणतात आम्ही पाण्यातच तर असतो, तहान कशाला लागेल, पण पोहताना पण घाम येतो फक्त दिसत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात पूलच्या कडेला बसूनच अर्धं पाणी जातं. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घरून करून न्या. दुपारचं मोठं जेवण तेव्हाच जेव्हा पुढच्या रेसला तीन तास तरी आहेत.

एनर्जी ड्रिंक अजिबात नको, त्यात कॅफिन असतं, मुलांची छाती धडधडते, हात थरथरतात आणि रात्री झोप लागत नाही. पावडरची तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला गरज नाही, डाळ, दूध, दही, अंडी, शेंगदाणे यातून भागतं, आणि डब्यात खरं काय आहे हे लेबलवरून कळतंच असं नाही. आणि एक खूप महत्त्वाचं जे कुणी सांगत नाही, सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून उठसूट गोळी किंवा सिरप घेऊ नका. सर्दीच्या काही औषधांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या काळात ठराविक प्रमाणाच्या वर ते डोपिंगच्या यादीत येतं. डॉक्टरांकडे जा आणि मुलगी स्पर्धेत पोहते हे स्वतःहून सांगा.

ताई, मी 14 वर्षांची आहे. माझी डेट बरोबर स्पर्धेच्या दिवसात येतेय. आई म्हणते गोळी घेऊन पुढे ढकलू, सर पुरुष आहेत त्यामुळे त्यांना सांगायची लाज वाटते. मी पोहू शकते का?
— सांगलीहून

हो गं, पोहू शकतेस, आणि चांगलं पोहू शकतेस. पाळीत पोहल्याने काहीही अपाय होत नाही. मोठमोठ्या स्पर्धांमध्ये मुली पाळी चालू असताना पोहतात आणि मेडल पण घेतात. टॅम्पॉन किंवा कप वापरता येतो, पण तो पहिल्यांदा स्पर्धेच्या दिवशी वापरायचा नाही, आईला बरोबर घेऊन आधीच्या एखाद्या पाळीत घरी सवय कर, आणि नाही जमलं तर स्वतःवर चिडू नकोस, दुसऱ्या मुलींना पण वेळ लागतो. पाण्यात असताना बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे स्राव कमी जाणवतो पण बाहेर आल्यावर लगेच लागतो, म्हणून लेनच्या टोकाला मैत्रिणीला गडद रंगाचा टॉवेल घेऊन उभी कर.

पोट दुखत असेल तर वॉर्मअप थोडा लांब आणि हळू कर, बऱ्याच मुलींचं दुखणं त्यानेच कमी होतं. गोळी घेऊन डेट पुढे ढकलायचं डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका, हे आईला माझ्या नावाने वाचून दाखव. त्या गोळ्यांनी काही मुलींना मळमळतं, अंग जड होतं, आणि ते स्पर्धेतच कळलं तर काय उपयोग.

सरांना सांगायला लाज वाटते हे मला कळतं. आईने सांगितलं तरी चालेल, एका ओळीचा मेसेज पुरतो. आणि हे वाचणाऱ्या सगळ्या पुरुष कोचना माझी मनापासून विनंती आहे की सीझनच्या सुरुवातीला एकदाच सगळ्या मुलींना आणि पालकांना एकत्र बसवून शांतपणे सांगा की असं काही असेल तर न लाजता सांगायचं. दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांअभावी चांगल्या पोहणाऱ्या मुली चौदाव्या-पंधराव्या वर्षी टँक सोडतात आणि आपण म्हणतो अभ्यासामुळे सोडलं.

मुलगी 11 वर्षांची. मागच्या मीटला ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दुसरी आली आणि डिस्क्वालिफाय झाली, का ते कुणी नीट सांगितलं नाही. यावेळी काय बघायचं?
— एक आजोबा, सातारा

आजोबा, बहुतेक वेळा एकच कारण असतं, टर्नला किंवा फिनिशला दोन्ही हात एकदम लागले नाहीत. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय दोन्हींत भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात आणि दमलेलं मूल एका हाताने धरून वळतं. प्रॅक्टिसमध्ये दमल्यावरच तपासायचं, पहिल्या लॅपला सगळेच बरोबर करतात. दुसरं म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकला स्टार्ट आणि टर्ननंतर पाण्याखाली एकच डॉल्फिन किक, म्हणजे बटरफ्लायसारखी दोन्ही पाय जोडून मारलेली किक चालते, दुसरी मारली की गेलं. आणि यापुढे डिस्क्वालिफाय झाली तर कोचने ऑफिशियल्सना नम्रपणे कारण विचारायचं, मुलीला कळायलाच हवं ना चुकलं कुठे.

स्टार्टचं पण सांगते. लांब शिट्टी झाली की ब्लॉकवर चढायचं, बॅकस्ट्रोक असेल तर पाण्यात उतरायचं, मग टेक युवर मार्क्स, आणि त्यानंतर दगडासारखं स्थिर. सिग्नलच्या आधी सुटलं की थेट बाद, दुसरी संधी नसते. फिनिशला भिंत दिसली की डोकं वर काढायचं नाही, तरंगत न जाता हात लांब करून जोरात लावायचा. बीजिंगलाच 100 मीटर बटरफ्लायला फेल्प्स 50.58 आणि सर्बियाचा चाविच 50.59, एक शतांश सेकंद, चाविच शेवटी हात लांब करून तरंगत गेला आणि फेल्प्सने अजून एक अर्धा स्ट्रोक मारला.

तीस हजारांचा रेसिंग कॉस्च्युम मुलगा मागतोय, 12 वर्षांचा आहे. घ्यावा का?
— एक आई, पनवेल

नको. या वयात अंगावर नीट बसणारा, पाणी न धरणारा साधा कॉस्च्युम पुरे. सहा महिन्यांत त्याची उंची वाढेल आणि तो कपाटात पडेल. त्या पैशांत दोन चांगले गॉगल, एक जादा कॅप, दोन मोठे टॉवेल आणि पूलच्या कडेला अंगावर घालायला एक गरम जॅकेट घ्या. वॉर्मअप करून मुलं ओली, गारठलेली तासभर बसतात आणि मग रेसला अंग पुन्हा थंड, वॉर्मअप वाया. कोरडं करायचं, झाकायचं, पायात मोजे, आणि रेसच्या दहा मिनिटं आधी उड्या-हात फिरवणं. याचा फायदा कॉस्च्युमपेक्षा जास्त आहे.

मुलगा 11 वर्षांचा, प्रॅक्टिसला एक नंबर, पण स्पर्धेच्या दिवशी सकाळी उलटी करतो, ब्लॉकवर पाय कापतात. मी त्याला खूप समजावतो, मोटिव्हेट करतो, व्हिडिओ दाखवतो, काही उपयोग नाही. काय करू?
— एक बाबा, छत्रपती संभाजीनगर

तुमची तळमळ तुमच्या पूर्ण पत्रात दिसली, इथे मी थोडंच छापलंय. पण एक विचारू का, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात घरात जेवताना किती वेळा स्पर्धेचा विषय निघतो? तुम्ही लिहिलंय की त्याचं टार्गेट टायमिंग कागदावर लिहून त्याच्या खोलीत लावलंय, आणि काका, आजी, शेजारी सगळे त्याला विचारतात की यावेळी मेडल ना? अकरा वर्षांचं पोर आहे हो. त्याला पाण्याची भीती नाहीये, रेस झाल्यावर तुमचा चेहरा कसा असेल याची भीती आहे. हे मी तुम्हाला दोष द्यायला नाही सांगत, माझ्या टँकवरच्या कितीतरी मुलांनी मला हे स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

तो कागद काढा. व्हिडिओ बंद करा. टायमिंग हे त्याचं आणि कोचचं खातं, तुमचं खातं म्हणजे जेवण, झोप, वेळेवर पोचवणं आणि टॉवेल. त्याच्या हातात ज्या गोष्टी आहेत त्यातल्या दोनच कोचला ठरवू द्या, समजा पहिल्या पन्नासला श्वास ठरलेल्या स्ट्रोकलाच घ्यायचा आणि टर्नमधून बाहेर येताना हात घट्ट जोडलेले ठेवायचे. बाहेर आल्यावर कोच फक्त त्या दोन गोष्टी विचारेल. मेडल त्याच्या हातात नाही, शेजारच्या लेनमध्ये कोण उभं आहे त्यावर ते ठरतं, पण या दोन गोष्टी पूर्ण त्याच्या आहेत. मुलाला हे पटलं की कापणारे पाय बरेच शांत होतात, एका दिवसात नाही, दोन-तीन स्पर्धा लागतील.

थोडं पोटात फुलपाखरं होणं चांगलंच असतं, ते जावं असं म्हणू नका. त्याला सांगा की अंग तयार होतंय त्याची ही खूण आहे. उलटी होत असेल तर नाश्ता अजून लवकर आणि अर्धा द्या, उरलेला थोडा थोडा. ब्लॉकमागे उभा असताना तीन वेळा लांब श्वास सोडायचा, घ्यायचा नाही, सोडायचा, घेतला आपोआप जातो. आणि इतकं करूनही प्रत्येक स्पर्धेला उलटी होत राहिली तर मुलांच्या डॉक्टरांना आणि मग समुपदेशकांना भेटा, त्यात काही कमीपणा नाही.

रेस झाल्यावर गाडीत बसल्या बसल्या रेसबद्दल बोलू नका. तो बोलला तर ऐका. नाही बोलला तर भूक लागलीय का विचारा.

स्पर्धा रविवारी संपतेय. सोमवारी परत टँकवर पाठवायचं का, सवय तुटेल म्हणून?
— एक आई, पुणे

सोमवारी झोपू द्या. एक ते दोन आठवडे पूर्ण सुट्टी, या वेळात फुटबॉल, सायकल, झाडावर चढणं, आधी जे जे नको म्हटलं ते सगळं करू दे. कानात काही दुखत असेल, खांदा ठणकत असेल तर याच दिवसांत दाखवून घ्या, सीझन सुरू झाल्यावर वेळ मिळत नाही. आठवड्याने मुलगी, तुम्ही आणि कोच असे तिघं अर्धा तास बसा, टायमिंगची वही उघडा, आणि पहिला प्रश्न तिला विचारा, तुला कुठली रेस पोहताना मजा आली. ती जी सांगेल तिथून पुढचा सीझन आखायला घ्या, मेडल भले दुसऱ्याच रेसमध्ये आलेलं असू दे.